किड्यांचं जेवण

माझी नात कृषी महाविद्यालयात किडे शिकते. परवा तिच्या बोलण्यात ‘फ्रास’ असा शब्द आला. म्हणजे काय गं, असं विचारलं तर म्हणाली, आजी, किड्यांच्या विष्ठेला म्हणतात. शब्द मूळचा जर्मन. त्या भाषेत माणसाच्या खाण्याला एक क्रियापद आणि जनावराच्या खाण्याला दुसरं, आणि हा शब्द त्या दुसऱ्यातून निघालेला, म्हणजे ओरबाडून, हादडून खाण्यातून. मी अंबाडीची भाजी निवडत होते, ती तशीच हातात राहिली. पोरीला वाटलं, आजीला किळस आली. मला कसली किळस येते? मी ज्या घरात वाढले तिथं हीच वस्तू पळसाच्या पानात बांधून माझ्या मायच्या हातात यायची, आणि तिला आम्ही ‘जेवण’ म्हणायचो. ते जेवण कोरडं आणि टणक असलं की माझ्या मायचा आणखी एक दिवस मार न खाता जायचा. हे नातीला कसं सांगावं ते मला सुचेना, म्हणून लिहायला बसले आहे.

आमचं गाव लांजीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. आम्ही ढिवर. तळ्यात मासे धरायचे आणि रानात कोशाचे किडे पाळायचे, ही आमची दोन कामं. कोशाचा किडा येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडावर वाढतो. पानं खाऊन खाऊन अंगठ्याएवढा जाड आणि हिरवागार होतो, मग स्वतःभोवती रेशमाचं कडक घर विणून आत बसतो. ते घर म्हणजे कोसा, आणि कोष्टी तो विकत घेतात. किडे झाडावर असेपर्यंत राखणदार पुरुष रानातल्या खोपडीत, गवताच्या झोपडीत, राहायचे. त्या दिवसांचे नियम फार कडक होते. दाढी करायची नाही, मासे-कांदा खायचा नाही, बाईनं रानात पाऊल टाकायचं नाही. कुठल्याच गोष्टीचं रोजचं नाव घ्यायचं नाही. किड्याला ‘लेकरू’ म्हणायचं आणि त्याच्या लेंडीला ‘जेवण’. असं का, हे मी एकदा मायला विचारलं होतं. ती म्हणाली, “किडा उंच ऱ्हायते झाडावर. खातानी कोनाले दिसते? खाली पडलं म्हंजे समजायचं का लेकरू जेवलं. म्हून जेवन.” जर्मन लोकांनीही तोच विचार केला असणार, फक्त त्यांनी किड्याला जनावराचा शब्द दिला आणि आम्ही माणसाचा. आमच्याकडे किडा जेवायचा आणि बाई मार खायची.

सगळ्यात मोठा नियम मात्र वेगळा होता. राखणीच्या दिवसांत राखणदारानं माणसावर हात उचलायचा नाही, ना रानात ना घरी. हात उचलला की किडा गळतो, असं म्हणायचे. एकाच्या हातानं साऱ्या गावाचा किडा गळतो, म्हणून सगळे एकमेकांवर डोळा ठेवून असत.

बाकीच्या वर्षात माझ्या बाच्या हाताला कोणी अडवत नव्हतं. बा उंच आणि हडकुळा होता, आवाज बारीक. बाहेरच्या माणसाला तो गरीब गाय वाटायचा. घरात त्याचा हात कशावरून सुटेल ते सांगता यायचं नाही. भातात खडा लागला, जाळं वाळत घालायला उशीर झाला, शेजारीण हसली आणि माय तिच्याबरोबर हसली, एवढं पुरायचं. आधी पितळेचा गडवा भिंतीवर आदळल्याचा आवाज यायचा, मग मायच्या बांगड्यांचा, मग काहीच नाही, कारण माय ओरडायची नाही. तिची पाठ मीच शेकायची. कधी जाळ्याच्या शिशाच्या गोळ्यांचे वळ असायचे, कधी वल्ह्याच्या दांड्याचे. एकदा त्यानं तिचं डोकं चुलीच्या कडेवर आपटलं, तेव्हा भुवईपाशी हाड दिसलं होतं. मी त्यात हळद दाबली आणि माय म्हणाली, “जास्त दाबू नोको, भाजीले पुरली पायजे.” नवऱ्यानं मारलं आणि पावसानं झोडपलं तर तक्रार कोणाकडे करायची, ही म्हण गावातल्या बायका एकमेकींना औषधासारखी द्यायच्या. मला त्या म्हणीचा तेव्हापासून राग आहे. पाऊस तुमच्या ताटात जेवत नाही.

म्हणून राखणीचे महिने मला सणासारखे वाटत. रानाच्या हद्दीवर नाला होता आणि नाल्याच्या अलीकडे एक मोहाचं झाड. दिवस कलायच्या आधी माय आणि मी तिथपर्यंत बाचं जेवण घेऊन जायचो, भात, बिनहळदीची डाळ, अंबाडीची भाजी आणि पितळेच्या गुंडात गरम पेज. बा पलीकडून यायचा, दाढी वाढलेली, गळ्यात गुलेल, मातीच्या गोळ्या मारायचं बांबूचं धनुष्य. त्या दिवसांत तो मला ‘शेवंताबाई’ म्हणायचा, माझ्यासाठी पिकलेली टेंभरं आणायचा, आणि मायशी असा बोलायचा, जणू नवी नवरी आणली आहे. गुलेलीनं तो दिवसभर कावळे मारायचा. मेलेले कावळे तो येनाच्या फांद्यांना पाय बांधून उलटे टांगायचा, इतर कावळ्यांनी ते पाहावं म्हणून. मुंगळ्यांची वारुळं जाळायचा, गांधीलमाशीचं पोळं हातानं चुरडायचा. मारण्याची त्याची हौस तिथं भागत असेल. मी तर त्या कावळ्यांचे मनोमन आभार मानायची.

जेवून झालं की बा कमरेची पुडी सोडून मायच्या हातावर ठेवायचा. त्यात त्या दिवशी झाडाखाली पडलेलं किड्यांचं जेवण असायचं. ज्यानं राखलं त्यानं पारखू नये, स्वतःचीच नजर लागते, असा रिवाज होता. म्हणून पारख घरच्या बाईनं करायची. किडे लहान असताना ते मोहरीएवढं असायचं, मोठे झाले की मिऱ्यापेक्षा जाड, अंगावर उभे कंगोरे असलेलं. माय एकेक दाणा बोटांत फिरवायची, नखानं फोडायची, हुंगायची. कोरडं, कडक, हिरवट-काळं असलं की म्हणायची, “लेकरं बरोबर जेवून राह्यले.” मग बा हसायचा, हात जोडायचा आणि परत रानात जायचा. तो दिसेनासा झाला की मायचे खांदे खाली यायचे, आणि परतताना ती गुणगुणायची. घरी आम्ही दोघी मसाला चोळलेले मासे भाजून खायचो. नियम बाला होता, आम्हाला नव्हता.

ज्या वर्षाबद्दल मला सांगायचं आहे त्या वर्षी दिवाळीच्या पिकाचे किडे मोठे झाले होते, कोसा बांधायला थोडेच दिवस उरले होते. एका संध्याकाळी मायनं पुडी उघडली आणि तिचं बोट थांबलं. मीही वाकून पाहिलं. दाणे सुटे नव्हते. एकाला एक चिकटून त्यांच्या ओल्या माळा झाल्या होत्या आणि आंबूस वास येत होता. याचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत होता. किड्याला रोग लागला, आता तो काळा पडेल, मागच्या पायांवर उलटा लोंबेल आणि फुटून गळेल. एका झाडाचं दुसऱ्याला लागतं, म्हणून पहिल्याच दिवशी सांगायचं, रोगी फांद्या तोडून पुरायच्या. पण पीक गेलं की राखण संपली. राखण संपली की बा घरी येणार, पीक गेल्याचा राग घेऊन. माय पुडीकडे पाहत राहिली. मग तिनं ती मुठीत मिटली आणि म्हणाली, “चांगलं हाय. जेवून राह्यले.”

वाटेत मी तिला विचारलं, “माय, खोटं काहून सांगितलं?”

“माही कालचीच पाठ बरी झाली बाई,” ती म्हणाली. “थोडेक दिवस तं मिळू दे.”

तिची पाठ काल बरी झालेली नव्हती, राखण सुरू होऊन महिना उलटला होता. पण मला तिचं म्हणणं कळलं आणि मी गप्प बसले. आज मला कोणी विचारलं की तिचं चुकलं का, तर मी म्हणेन, हो, चुकलं, गावाचं नुकसान झालं. आणि विचारणाऱ्याला त्याच दमात हेही सांगेन की तुम्ही त्या चुलीची कड कधी डोक्याला लावून घेतलेली नाही.

तीन-चार संध्याकाळी माय तेच सांगत राहिली. तिच्या शब्दावर बाचा इतका विश्वास होता की मलूल किडे दिसत असूनही तो थंडीला दोष देत होता. मग एके दिवशी आम्ही मोहापाशी पोचलो तर बा आधीच येऊन उभा होता. नेहमी पलीकडून यायचा, त्या दिवशी तो नाला ओलांडून अलीकडे होता. त्याच्या हातात पुडी नव्हती, मूठ आवळलेली होती, आणि तिच्यातून काळं पाणी गळत होतं.

“हे पाह्य,” तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच बारीक. “हे लेकरं जेवून राह्यले?”

मायनं डोक्यावरची टोपली खाली ठेवली. बानं डाव्या हातानं तिचा अंबाडा धरला, मान मागे ओढली, आणि उजव्या हातातला तो ओला चिखल तिच्या तोंडात कोंबला. “जेवन म्हंते ना तू याले? मंग जेव. जेव!” बोटं घशापर्यंत घालून तो कोंबत होता. मायचे डोळे पांढरे झाले. ती ओकायला लागली तेव्हा त्यानं तिला खाली पाडलं आणि गळ्यातली गुलेल काढून तिच्या बांबूनं मारायला लागला, तोंडावर, हातावर, जिथं लागेल तिथं. तिचा ओठ फाटला. बांबू मोडला तेव्हा त्यानं लाथ घातली. मी पेजेचं गरम गुंड उचललं आणि त्याच्या पाठीवर ओतलं. मला अजून त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. तो किंचाळला आणि माझ्याकडे वळला, मला कानाखाली अशी लावली की तो कान आजही पावसाळ्यात ठणकतो. पण तेवढ्यात माय उठली होती.

मला वाटलं, ती गावाकडे पळेल. ती नाल्यात उतरली. पाणी ओलांडून पलीकडच्या काठावर चढली, आणि जिथं आमच्या सात पिढ्यांत बाईचं पाऊल पडलं नव्हतं त्या येनाच्या रानात शिरली. मी तिच्या मागे. बा जागच्या जागी थिजला. रानात खाली वाळलेला पाचोळा होता आणि वरून सतत काहीतरी पडत होतं, तापल्या तेलात मोहरी तडतडते तसा बारीक आवाज. चालता चालता मला कळलं की हेच जेवण पडतंय. जी झाडं धड होती त्यांच्यावर हजारो किडे पानं खात होते. पुढं आवाज थांबला, आणि त्या झाडांवर काळे किडे उलटे लोंबत होते, टांगलेल्या कावळ्यांच्या बाजूला.

सगळ्या राखणदारांचे मुख्य मोठेबा होते, बाचे थोरले चुलतभाऊ. माय थेट त्यांच्या खोपडीपुढं गेली आणि मांडी घालून बसली. आजूबाजूचे राखणदार धावत आले आणि चार हात लांब थबकले. बाई रानात, तोंड काळं-लाल, पदरावर रक्त.

“रक्त सांडलं,” माय म्हणाली. ओठ फाटल्यानं शब्द सांडत होते. “राखणीत हात उचलला त्यानं. आता बोला.”

मोठेबांनी पाचोळ्यावर पडलेल्या थेंबांकडे पाहिलं. तोपर्यंत बा मागून आला होता. तो ओरडला, “इनं खोटं सांगितलं, भाऊ. रोग लागलता, अन् हे चांगलं हाय म्हने. सारं रान गेलं इच्यापायी.”

“खरं हाय काय?” मोठेबांनी विचारलं.

“हौ,” माय म्हणाली. “खोटं बोलली मी. काहून बोलली ते याले विचारा. तुम्ही सारे विचारा आपापल्या घरी जाऊन.”

त्या घोळक्यात ज्याचा हात घरी उठत नव्हता असा मला एकही आठवत नाही, खुद्द मोठेबासुद्धा नाही. त्यांनी पुढं जे केलं ते काही आमची दया आली म्हणून नव्हे. नियम मोडला होता, तो मोडल्याची खूण साऱ्यांसमोर बसली होती, आणि त्यांना किड्यांची भीती होती. मोठेबांनी बाची खोपडी मोडायला सांगितली. तो या हंगामात रानात येणार नाही, पुढच्याही नाही. मग मायकडे वळून म्हणाले, “अन् तुले दंड पडीन, वहिनी. तुह्या खोट्यानं साऱ्याइचं नुकसान झालं.”

वहिनी म्हणायचे ते लाडानं, ती धाकट्या भावाची बायको असूनही. मायनं तोंड पुसलं. “दंड मीच सांगतो,” ती म्हणाली. “दरसाली बियाणं तुमच्या घरी ऱ्हायते. औंदा ते माह्या घरी टांगा. पावसाळ्यापर्यंत मी जपीन. एक कोसा जरी मेला तं मले गावाबाहेर काढा.”

बियाणं म्हणजे निवडलेले जिवंत कोसे. आत किडा झोपलेला असतो. त्यांची माळ करून आढ्याला टांगतात, पाऊस पडला की त्यातून फुलपाखरं निघतात आणि पुढच्या पिकाची अंडी घालतात. हिवाळा, उन्हाळा जपायचं, उंदीर येऊ द्यायचे नाहीत, धूर लागू द्यायचा नाही. सगळ्या गावाचं पुढचं वर्ष त्या माळांत असतं. ते जोखमीचं काम कोणालाच नको असायचं, मोठेबाही वयामुळे कंटाळले होते. ते लगेच हो म्हणाले. माय काय मागून घेते आहे ते त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

पुढचे दिवस मारण्यातच गेले. रोगी झाडांच्या फांद्या तोडून खड्ड्यात टाकायच्या होत्या, आणि बाची झाडं राखायला दुसरं कोणी तयार नव्हतं, म्हणून ती मायनंच साफ केली. रान बाटलंच होतं, मग आणखी काय बाटणार, असं म्हणून पुरुषांनी डोळेझाक केली. सुजलेल्या तोंडानं ती काठीनं फांद्या झोडपायची, किडे पडायचे, ती पायानं ते खड्ड्यात लोटायची. धप, धप असा आवाज यायचा आणि मी दचकायची, कारण तो आवाज मला घरातला माहीत होता. खड्डा बुजवताना वरची माती हलत होती. माय म्हणाली, “माह्या पापाचे हे. पाहून घे.” ती रडली ती फक्त तिथं. पलीकडची धड झाडं मात्र वाचली, थोडे कोसे झाले, आणि त्यातले सगळ्यात जड, हलवल्यावर आत जीव वाजणारे कोसे माळा करून आमच्या घरी आले. मायनं ते चुलीपासून लांब, पण बाच्या खाटेच्या बरोबर वर टांगले.

उन्हाळ्यात एका दुपारी भात करपला. बानं ताट भिरकावलं, उठला आणि हात उगारला. माय सरकली नाही. तिनं फक्त बोट वर केलं.

“जीव हाय त्यात,” ती म्हणाली. “साऱ्या गावाचा. बियाणं टांगलं तठी राखण हाय. मार.”

बानं वर पाहिलं. त्याचा हात तसाच हवेत होता. दारात शेजारीण आवाज ऐकून आली होती आणि तिच्या मागे तिचा नवरा, ज्याचे कोसे त्या माळेत होते. तो नवरा म्हणाला, “हात खाली घे बापा.” बायकोला तो स्वतः ओल्या दोरानं मारायचा, पण त्या दिवशी त्याच्या आवाजात देवळातल्या पुजाऱ्याचा धाक होता. बानं हात खाली घेतला आणि बाहेर जाऊन कुंपणाचे बांबू एकेक करून मोडले.

त्यानं सगळं संपलं असं मी म्हणणार नाही. बा हुशार होता. माळ घरात आहे, बाहेर नाही, हे त्याला लवकरच सुचलं. एकदा तळ्याच्या पाळीवर त्यानं तिला पाण्यात दाबून धरलं होतं. त्यानंतर माय मोठेबांना विचारून एक जिवंत कोसा पदराच्या गाठीत बांधायला लागली, आणि शेतात, तळ्यावर, बाजारात, जिथं जाईल तिथं राखण तिच्याबरोबर चालू लागली. बाची त्या गाठीपुढं हिंमत झाली नाही. काही वर्षांनी शेजारीणही एक कोसा मागायला आली, मग मोठेबांची बायको स्वतः आली. पुरुष कुरकुरले, बायांनी रिवाजाचा खेळ केला म्हणाले. रिवाज त्यांचाच होता, आता काढून टाकणार कसा?

बा म्हातारा होऊन मेला. शेवटपर्यंत मायनं त्याला वेळेवर वाढलं, भात गरम असायचा. पण त्या नाल्याकाठच्या दिवसानंतर ‘जेवायला या’ हे शब्द मी तिच्या तोंडून त्याच्यासाठी कधी ऐकले नाहीत. ताट ठेवून ती म्हणायची, “खा.” जेवण हा शब्द तिनं फक्त किड्यांसाठी ठेवला होता. नातीनं त्या दोन जर्मन क्रियापदांचं सांगितलं तेव्हा मला हेच आठवलं. तो फरक माझ्या निरक्षर मायनंही केला होता.

माझं लग्न भंडाऱ्याकडे ठरलं. मुलगा शिकलेला, नोकरीवाला, मान खाली घालून बोलणारा. बाही मान खाली घालूनच बोलायचा. निघायच्या वेळी बायका रडत होत्या, माय रडत नव्हती. तिनं माझा पदर ओढून घेतला, त्यात एक कोसा ठेवला, कानाशी हलवून आतला जीव वाजतो का ते ऐकलं आणि गाठ मारली. “सासरी टांगजो,” ती म्हणाली. “मायच्या घरचं बियाणं हाय म्हनजो. राखणीचा नियम पहिल्याच दिवशी सांगजो, मार पडल्यावर नोको.”

नवरा चांगला निघाला, असं सगळे म्हणतात. मीही म्हणते. पण तो चांगला निघतो की नाही हे पाहायला मी थांबले नाही. पहिल्याच दिवशी स्टूल मागून घेतलं आणि कोसा त्याच्या खाटेच्या वर टांगला.